डाळ शिजू न देणारं पाणी

लग्नात पंगत बसते. मी ताटावर बसले की शेजारचा माणूस आधी भाताला आळं करतो, मग माझ्याकडं सरकतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, आमच्या रानात पानी कुठं लागंल?" एकदा तर मौतीला गेले होते. ज्यांचे वडील गेले त्या गृहस्थांनी डोळे पुसले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "आलाच हायेत तर जाता जाता बोअरची जागा बघून जा." मी गेलेसुद्धा. काय करता!

हिंगोली जिल्ह्यात भूजलाच्या कामात माझा जन्म गेला. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गुडघे माझ्याआधीच निवृत्त झाले होते. काम सांगायला सोपं. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते शोधायचं आणि कुठं खणू नका ते सांगायचं. पहिल्या कामाला लोक चहा पाजतात. दुसरं काम केलं की चहा सोडा, माणसं ओळख दाखवत नाहीत.

आखाडा बाळापूरकडचे एक शेतकरी होते. दिवसभर मला रानात फिरवलं. मी यंत्र लावलं, दगड फोडून पाहिले, आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या आणि बांधाजवळच्या बाभळीखाली बोट दाखवलं. गृहस्थांचं तोंडच उतरलं. "तिथं नको मॅडम. तिथं लागलं तर भावाकडं बी जाईल. जरा अलीकडं दाखवा की." मी म्हटलं, दादा, पाणी माझ्या सांगण्यावर चालत असतं तर मी आधी माझ्या हिंगोलीच्या घराखाली आणलं असतं. त्यांनी शेवटी अलीकडंच खणलं. कोरडा फुफाटा निघाला. पुढची कित्येक वर्षं बाजारात भेटले की मान वळवायचे, जणू मीच त्यांचं पाणी पळवलं.

असे नमुने पुष्कळ. पण या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला एकच जागा आठवली. सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या पुढं एक तांडा आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. त्या तांड्याच्या मागं एक टेकाड आहे आणि त्या टेकाडाला पांढरा पट्टा आहे.

आपला सगळा भाग काळ्या दगडाचा. फार फार पूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्याचा हा दगड. पण दोन थरांच्या मध्ये कधी बराच काळ उसंत मिळाली. त्या उसंतीत खळग्यांतून तळी साचली, तळ्यांत गोगलगायी झाल्या, गाळ बसला आणि मग वरून पुन्हा लाव्हा आला. तो दबलेला गाळ म्हणजे हा पांढरा चुनखडीचा पट्टा. जेमतेम पुरुषभर जाडीचा. नीट पाहिलं तर दगडात करंगळीच्या नखाएवढे शंख दिसतात. समुद्र सोडा, मोठी नदीही नाही तिथं, आणि दगडात शंख!

शेतकऱ्याला या पांढऱ्याचं काडीचं कौतुक नाही. पांढऱ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं, हरभरा जीव धरत नाही. पण चुनखडी पाण्यानं हळूहळू विरघळते, तिच्यात भोकं पडतात, भेगा रुंदावतात आणि त्यांतून पाणी चालतं. पांढऱ्याच्या खाली करड्या, साबणासारख्या बुळबुळीत चिकणमातीचा थर आहे. तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं चालत टेकाडाच्या पायथ्याला येऊन बाहेर पडतं. तोच तांड्याचा झिरा. झिरा म्हणजे पाझराचं पाणी साचतं तो खड्डा. दगडांनी बांधलेला, वाकून तांब्या बुडवता येईल एवढाच. आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवायच्या तेव्हाही हा झिरा बारीक धारेनं चालू असायचा.

पाणी गोड, पण जड. चुना घेऊन येतं ना! हंड्याला पांढरी कड धरते, चहाच्या पातेल्यात खपली बसते आणि डाळ काही केल्या शिजत नाही. तांड्यावर नवी सून आली की पहिल्या आठवड्यात रडायची. सासू म्हणायची, माहेरी हिला सैपाक शिकवला न्हाई. सून म्हणायची, डाळच खोटी हाय. शेवटी कुणीतरी चिमूटभर सोडा आणून द्यायचं आणि भांडण मिटायचं.

हे मला सांगितलं गमाबाईनं. गमाबाई म्हणजे तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरातली म्हातारी. झिरा तिच्या ताब्यात. ताब्यात कुणी दिला नव्हता, तिनंच घेतला होता. रोज पाला काढायचा, कडेला कपडे धुवू द्यायचे नाहीत, जनावर आलं तर दगड हाणायचा. नोकरीत असताना मी विहिरींचं पाणी मोजायला जायची, तेव्हा पहिला दगड माझ्या जीपच्या दिशेनं आला होता. तिथूनच आमची ओळख वाढली.

शिवारफेरी हा आमच्या कामाचा जुना प्रकार. गावातल्या लोकांना घेऊन सगळं शिवार पायी हिंडायचं, पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, काय करता येईल ते जागेवर दाखवायचं. निवृत्तीनंतर एका महाविद्यालयाचे सर मला दरवर्षी त्याच टेकाडावर पोरं घेऊन यायला सांगतात. मी दरवर्षी नाही म्हणते आणि दरवर्षी जाते. तेच दगड, तेच शंख, त्याच ओळी. माझ्याच आवाजाचा मला वीट आलाय. पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि विचारतात, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

दोन-तीन वर्षांमागं दिवाळीनंतर अशीच फेरी होती. आदल्या दिवशी तांड्याचा सरपंच प्रल्हाद याचा फोन आला. प्रल्हाद चांगला पोरगा. शिकलेला, धावपळ करणारा, तांड्यासाठी खरंच काही करू पाहणारा. "मॅडम, उद्या तुमी येऊनच राहिलात तर लई बरं झालं. झिऱ्याचं खोलीकरण मंजूर झालं. मशीन वारंगा फाट्यापर्यंत आलंय, परवा सकाळी हितं पोचंल. तुमच्या हातानं नारळ फोडू."

दुसऱ्या एका गावाला असाच झिरा होता. सुरुंग लावून खोल केला, पाणी तळातून निघून गेलं आणि आज तिथं कचरा टाकतात. तेव्हा नोकरीत असून माझं कुणी ऐकलं नव्हतं. आता तर मी नुसती गुडघेदुखीवाली बाई. पण गमाबाईचा झिरा जाणार म्हटल्यावर झोप लागेना.

सकाळी फेरी सुरू झाली तेव्हा मी प्रल्हादला म्हटलं, पोरांबरोबर तांड्यालाही चालू दे. निम्मा तांडा आला. काहीजण कामाला जायचं टाळून आले, हे उघड दिसत होतं. मी नेहमीच्या ओळी सोडल्या. पोरांना मागं ठेवलं आणि तांड्यालाच दाखवत गेले. हा वरचा काळा दगड, याच्या भेगांतून पावसाचं पाणी आत जातं. हा पांढरा, यातून ते चालतं. पायथ्याशी आल्यावर काठीनं उकरून करडी माती बाहेर काढली, प्रत्येकाच्या हातावर दिली. "चोळून बघा. बुळबुळीत आहे ना? ही सगळी राखणदारी करते. हिला भोक पडलं तर पाणी खालच्या काळ्या दगडाच्या फटींत जाईल. मग कुठं जाईल ते मलाही सांगता येणार नाही."

लोक माना डोलवत होते. ती मान मी जन्मभर पाहिलेली आहे. तिचा अर्थ हो नसतो.

मग मी भाकरी मागवली. हा माझा जुना खेळ. एक भाकरी खाली, तिच्यावर पातळ पिठलं, वर दुसरी भाकरी. वरची जरा दाबली की पिठलं कडेनं बाहेर येतं. "हा तुमचा झिरा," मी म्हटलं. मग खालच्या भाकरीला मधोमध बोट घातलं, एका हातात ताट धरलं आणि दुसऱ्यानं भाकऱ्या उचलून दाखवल्या. पिठलं सगळं खाली ताटात.

"ए बाई!" गमाबाई ओरडली. "काहून अन्नाला बोटं घालून राहिलीस? शिकलेली हायेस ना तू?"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले. गमाबाईनं ते ताट माझ्या हातातून ओढून घेतलं, कपाळाला लावलं आणि बाजूला नेऊन ती भाकरी मोडून खाल्ली. खाताना मात्र ती त्या भोकाकडं बघत होती.

नंतर लिंबाखाली सगळे बसले. प्रल्हादनं सरळ विचारलं, "मॅडम, न्हाई खणलं तर औंदा पानी पुरंल का?"

"आहे तेवढं राहील. तांडा वाढलाय, त्या मानानं कमीच पडेल."

"आन खणलं तर?"

"तळ फुटला तर जाईल."

"न्हाई फुटला तर?"

"तर खड्ड्यात जास्त साठेल."

"मंजे वाढू बी शकतं." प्रल्हाद तांड्याकडं वळला. "ऐकलं ना? मॅडमच म्हणून राहिल्यात."

"मी असं म्हटलं नाही, प्रल्हाद."

"मग गॅरंटी द्या ना मॅडम. फुटतंयच म्हणून गॅरंटी द्या. मी आत्ता मशीन माघारी लावतो, खरंच लावतो. बायांची तकलीफ मला बी दिसती."

ही गॅरंटी! आमच्या धंद्याचा सगळा घोटाळा इथं आहे. नारळ हातावर धरून फिरणारा पाणाड्या गॅरंटी देतो. बोअरवाला देतो. मशीनवाला तर आधी देतो आणि मग काम विचारतो. मला दगडाच्या आत काय आहे ते अंदाजानं कळतं. अंदाज बराबर निघतो बहुतेकदा, पण तो अंदाजच. खोटी गॅरंटी देऊन झिरा वाचवता आला असता, असं आता कुणी म्हणेल. ते माझ्या तोंडातून निघत नाही. आयुष्यभर निघालं नाही.

बाया हंडे घेऊन उठल्या. ठरल्यासारखंच झालं. मी प्रल्हादचा हात धरला. "एवढं तरी कर. पांढरं संपून करडी माती लागली की तिथंच थांबव. एक बोटभरही खाली नाही."

"आईची आन," तो म्हणाला.

मी जिथं बसले होते तिथंच बसून राहिले. पोरांच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा उठले. इतकी दमले होते की गाडीची पायरीसुद्धा डोंगर वाटली.

पाच-सहा दिवसांनी प्रल्हादचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, पानीच पानी! या बघायला, पेढे ठेवलेत. करडी माती लागली तिथंच थांबलो, तुमी म्हणल्या तसं." त्यानं फोटो पाठवला. खड्डा पाण्यानं भरलेला, कडेला हार घातलेलं पोकलेन, हळदीकुंकू, नारळ आणि हसणारा तांडा. गमाबाई मध्ये उभी, नव्या लुगड्यात. मी मनापासून खूश झाले. म्हटलं, चला, एकदा तरी आपलं चुकलं ते बरं झालं.

होळीच्या सुमारास गमाबाईचा फोन आला. "म्याडम, येऊन जा."

गेले. खड्ड्याच्या तळाशी चिखलाचा एक डाग. बाकी कोरडं. जुनी बारीक धारही गेली. बाया टँकरच्या वाटेकडं डोळे लावून हंड्यांवर बसलेल्या. प्रल्हाद माझ्यासमोर येईना. मीच त्याच्या घरी गेले, तेव्हा जमिनीकडं बघत म्हणाला, "मॅडम, मी खरंच थांबलो होतो."

तो थांबला होता. खोटं नव्हतं ते. पण या पट्ट्यात विहिरीची एक रीत आहे. काम पुरं झालं, पाणी लागलं, नारळ फुटला की आणखी एक हात खोल खणायचं. तो हात देवाचा. माणसानं आपल्यापुरतं घेतलं, आता देवाच्या नावानं थोडं. एरवी टिकावानं खणायचे तेव्हा देवाचा हात म्हणजे दोन टोपली माती. पोकलेनच्या बादलीला हातभर कळत नाही. फोटो काढून झाल्यावर ती एकदा खाली गेली आणि चिकणमाती फाडून काळ्या दगडाला टेकली.

"देवाचा हात मीच म्हणले," गमाबाई म्हणाली. आम्ही खड्ड्याच्या काठावर बसलो होतो. "पोरगं म्हनत व्हतं, म्याडमनं न्हाई म्हणलंय. म्या म्हणले, देवाला न्हाई म्हणती व्हय ती? जो झिरा म्या जलमभर राखला, तो म्या माज्या तोंडानं घालवला. आता बाया मला काई म्हणत न्हाईत. म्हणल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं. कुणावर चिडावं तेच कळेना. इतकी वर्षं मी लोकांच्या हावेशी भांडले, आळसाशी भांडले, आणि इथं तर कुणी हावरटपणा केलाच नव्हता. देवाला द्यायचं ते दिलं होतं.

"काई व्हतं का?" तिनं विचारलं.

मी खड्ड्यात उतरले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. फाटलेली जागा दिसत होती, फार मोठी नव्हती. बुजवता आली तर बुजवावी, एवढंच डोक्यात होतं. सिमेंट नको, त्याला पुढं चिरा जातात. तीच करडी माती टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला उघडी आहे. ती आणायची, भिजवायची, पायांनी तुडवून लोण्यासारखी करायची आणि थरावर थर देऊन फाटलेल्या जागेत ठासायची. जुन्या तळ्यांचे तळ असेच करायचे.

"टिकंल का?" गमाबाईचा प्रश्न.

"माहीत नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मागल्या खेपेला तू 'जाईल' म्हणली व्हतीस. आता 'माहीत न्हाई' म्हणून राहिलीस. मंजे तेवढं तरी बरं हाय." आणि तिनं लुगडं खोचलं.

माती तुडवणं बायांच्या पायातलं काम आहे. घराच्या भिंती त्यांनीच घातलेल्या. ऊन तापायच्या आत उतरायच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल तुडवायच्या, मध्येच एखादी गाणं धरायची. गमाबाई सगळ्यांत आधी उतरायची आणि सगळ्यांत शेवटी वर यायची. तिला वर काढायला दोघी लागायच्या. प्रल्हादनं स्वतः डोक्यावर माती वाहिली, सरपंच असून. मी काठावर छत्री धरून बसायची आणि इथं कमी पडली, तिथं ठास, असं ओरडायची. आखाडा बाळापूरचे ते गृहस्थ मला तसं बघते तर फार खूश झाले असते.

शेवटचा थर झाल्यावर मी सगळ्यांना बजावलं, आता इथं देवाचा हात नाही, राक्षसाचा नाही, कुणाचाच नाही. बाया हसल्या. गमाबाई हसली नाही. तिनं ओल्या तळावर पाच बोटं टेकवली आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही.

पाऊस झाला. खड्डा भरला, पण पावसात काय, डबकीही भरतात. त्यावरून काही कळत नाही. मी कुणाला फोन केला नाही. भीतीच वाटत होती. पावसाचं पाणी आटून गेल्यावर खाली काय उरतं, त्यावर सगळं होतं. तोवर तांडा टँकरचंच पाणी पीत होता, धरणाचं, हलकं. डाळ म्हणे कुकरच्या एका शिटीतच शिजायची. नव्या सुना खूश होत्या.

थंडी पडू लागली. माझ्याकडं महाविद्यालयाच्या सरांचा फेरीसाठी फोन आला. या वेळी मी खरंच नाही म्हटलं. पाय उचलत नव्हते, आणि तिथं कोरडा खड्डा पोरांना दाखवायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गमाबाईचा फोन. तिला फोनवर हळू बोलता येत नाही. टेकाडावरून हाक मारल्यासारखी बोलते.

"म्याडम! सकाळधरनं डाळ चुलीवर हाय!"

"मग?"

"मग काय! शिजंना! टणकच्या टणक हाय. हंड्याला पांढरं बी धरून राहिलं. सून कुरकुर करून राहिली."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडं डाळ खरंच रटरटत होती, मला ऐकू येत होती. गमाबाईला गप्प राहता येईना. "ऐकून राहिलीस ना? शिजंना म्हणले!"

"ऐकलं, गमाबाई," मी म्हटलं. "सोडा टाकू नकोस."

"टाकते कशाला," ती म्हणाली. "आज आमी तशीच चावून खातोत."